ऐन उकळीच्या वेळी हँग होणारा रेसिपीचा प्रोग्रॅम

वाचकांचे पत्र, थोडक्यात: अमेरिकेतील ऑरेगन राज्यात स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनींनी लिहिले आहे की त्या आणि त्यांचे दीर मिळून गेली पाच वर्षे घराच्या गॅरेजमध्ये हौसेने बिअर बनवतात. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) किती, पाणी किती, हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी फुले) कधी आणि किती टाकायचे, हा सगळा हिशेब त्या लॅपटॉपवरील एका रेसिपी-प्रोग्रॅममध्ये ठेवतात आणि त्यात आता सुमारे दोनशे रेसिपी साठल्या आहेत. दोघांच्या लॅपटॉपवर हाच प्रोग्रॅम आहे आणि दोन्हींकडील डॉक्युमेंट्स फोल्डर एकाच क्लाउड खात्याला जोडलेला आहे. गेल्या काही महिन्यांत प्रोग्रॅम वारंवार हँग होऊ लागला आहे. गॅरेजमध्ये नोंद सेव्ह केली की प्रोग्रॅमची खिडकी पांढुरकी पडते. कोकम आणि गूळ घातलेल्या गव्हाच्या बिअरची रेसिपी उघडली की तो घरात टेबलावरही हमखास अडकतो. मोठ्या मॉनिटरवरून काढून लॅपटॉप गॅरेजमध्ये नेला की कधी कधी कुठेही क्लिक करा, नुसता ‘टिंग’ असा आवाज येतो. गेल्या वेळी हॉप्स टाकण्याच्या घटकेलाच तो अडकला, त्यांनी तो जबरदस्तीने बंद केला, आणि पुन्हा उघडल्यावर त्या दिवसाच्या नोंदी गायब होत्या. प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकूनही फरक पडला नाही. दीर म्हणतात, “वहिनी, तुमच्याच हातून काहीतरी चुकीचे भरले जाते.” पती म्हणतात, नवा लॅपटॉप घे. एक मित्र वार्षिक वर्गणीच्या वेब-प्रोग्रॅमकडे जाण्याचा आग्रह धरतो. दोन महिन्यांनी होमब्रू (घरी बिअर बनवणाऱ्यांच्या) क्लबची स्पर्धा आहे आणि तिथे त्यांना कोकमाचीच बिअर द्यायची आहे. त्या विचारतात, “मी काय बदलू? लॅपटॉप, प्रोग्रॅम, की सगळे सोडून वहीकडे परत जाऊ?”

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, कारण पहिल्या वाचनात जी एक तक्रार वाटली ती दुसऱ्या वाचनात तीन निरनिराळ्या तक्रारी असल्याचे दिसले. तुम्ही, तुमचे पती, दीर आणि मित्र या चौघांनीही ‘प्रोग्रॅम हँग होतो’ हा एकच आजार गृहीत धरला आहे आणि म्हणून प्रत्येक जण त्यावर एकच औषध शोधतो आहे. परंतु गॅरेजमध्ये सेव्ह करताना अडकणे, एकच रेसिपी उघडताना अडकणे आणि क्लिक केल्यावर नुसता आवाज येणे या तिन्हींची कारणे बहुधा वेगवेगळी आहेत. पडद्यावर मात्र तिन्ही सारखीच दिसतात. लॅपटॉप बदललात तर यांतील कदाचित एकही कारण जाणार नाही, कारण जुन्या लॅपटॉपवरची फाइल, तेच क्लाउड खाते आणि तेच गॅरेज नव्या लॅपटॉपबरोबरही असणारच आहे.

प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकल्याने फरक का पडला नाही, याचेही उत्तर इथेच आहे. अशा बहुतेक प्रोग्रॅममध्ये मूळ प्रोग्रॅम एका जागी आणि तुमच्या रेसिपी दुसऱ्या जागी, सहसा डॉक्युमेंट्स फोल्डरच्या आत, ठेवलेल्या असतात. प्रोग्रॅम काढला तरी रेसिपींच्या फाइलला हात लागत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर तुमची पाच वर्षांची मेहनत त्या एका क्लिकने गेली असती. पण याचा दुसरा अर्थ असा की दोष फाइलमध्ये असेल तर नव्याने टाकलेला प्रोग्रॅम तीच सदोष फाइल पुन्हा उघडतो आणि पुन्हा अडकतो. एखादा प्रोग्रॅम बिघडला की तो काढून परत टाकायचा, ही आपल्याला लागलेली सवय आहे. मी तो उपाय सर्वांत शेवटी करायला सांगेन.

सर्वांत आधी एकच काम करा, आणि ते होईपर्यंत बाकी काहीही दुरुस्त करायला जाऊ नका. दोन्ही लॅपटॉपवर प्रोग्रॅम पूर्ण बंद करा, क्लाउडचे सिंकिंग (फाइलींची आपोआप होणारी देवाणघेवाण) थांबवा, रेसिपींचा फोल्डर शोधा आणि तो अख्खा फोल्डर दोन्ही लॅपटॉपवरून स्वतंत्रपणे एका पेन ड्राइव्हवर कॉपी करा. दोन्ही प्रतींना तारीख आणि लॅपटॉप कोणाचा ते नाव द्या. एका प्रतीवर दुसरी टाकू नका. नंतर फोल्डर उघडून फाइलींची यादी नीट पाहा. एकाच फाइलीच्या नावापुढे तुमच्या किंवा दिरांच्या संगणकाचे नाव जोडलेली दुसरी फाइल दिसते का? दिसली तर ती पुसू नका. दोन संगणकांनी एकाच फाइलीत एकाच सुमारास बदल केले की कोणाचा बदल खरा हे क्लाउड सेवेला ठरवता येत नाही, म्हणून ती दोन्ही प्रती ठेवते आणि एकीला संगणकाचे नाव जोडते. तुमच्या त्या दिवसाच्या हरवलेल्या नोंदी अशा जोडनावाच्या फाइलीत असण्याची बरीच शक्यता आहे. तिथे नसतील तर क्लाउड सेवेच्या वेबसाइटवर त्या फाइलीच्या जुन्या आवृत्त्या पाहा. बहुतेक सेवा काही काळापर्यंतच्या आवृत्त्या राखून ठेवतात आणि त्यातली हवी ती परत आणता येते.

आता दिरांच्या म्हणण्याविषयी. तुमच्या हातून काही चुकीचे भरले गेले असे ते म्हणतात, आणि कदाचित तुम्हालाही मनातून तसेच वाटत असावे, कारण पत्रात तुम्ही तीन वेळा ‘माझे काय चुकते’ असे लिहिले आहे. मला तुम्ही दिलेल्या माहितीतून वेगळेच दिसते. तुम्ही दोघे एकच फाइल, दोन लॅपटॉपवर, एकाच वेळी उघडी ठेवत आहात. एका माणसाने एका संगणकावर वापरावा अशा बेताने केलेले बरेच प्रोग्रॅम प्रत्येक सेव्हच्या वेळी सगळ्या रेसिपींची अख्खी फाइल नव्याने लिहितात. दोनशे रेसिपी आणि त्यांच्याबरोबरच्या पाच वर्षांच्या नोंदी असल्या की ती फाइल लहान राहत नाही. तुम्ही एक आकडा बदलून सेव्ह करता, प्रोग्रॅम अख्खी फाइल लिहितो, क्लाउडचे सॉफ्टवेअर लगेच ती पाठवण्यासाठी हातात घेते, आणि तिकडे दिरांच्या लॅपटॉपवरून त्याच फाइलीची दुसरी प्रत येऊ घातलेली असते. या ओढाताणीत प्रोग्रॅमला फाइल मोकळी होण्याची वाट पाहावी लागते. चूक दोघांपैकी कोणाचीच नाही. फाइल ठेवण्याची जागा तेवढी चुकली आहे.

हा त्रास गॅरेजमध्येच जास्त का होतो, हेही यातून समजते. गॅरेजपर्यंत वाय-फाय अशक्त पोहोचते, म्हणजे नेट पूर्ण नसते असे नाही आणि धड असतेही असे नाही, आणि सिंकिंगच्या दृष्टीने ही अवस्था सर्वांत वाईट, कारण नेट अजिबात नसेल तर सॉफ्टवेअर ताबडतोब गप्प बसते, पण अर्धवट असेल तर ते प्रत्येक वेळी प्रयत्न करीत राहते. हे खरे आहे का, ते तपासायला बिअर बनवण्याचीही गरज नाही. फाइल लॅपटॉपवर पूर्ण उतरलेली आहे याची खात्री करून घ्या, गॅरेजमध्ये जा, एअरप्लेन मोड चालू करा, आणि कोकमाची सोडून दुसरी कोणतीही रेसिपी उघडून तीत बदल करून अनेकदा सेव्ह करा. नंतर एअरप्लेन मोड बंद करून तेच करा. पहिल्या वेळी अडकला नाही आणि दुसऱ्या वेळी अडकला, तर दोषी कोण ते कळले. त्यानंतर रेसिपींचा फोल्डर डॉक्युमेंट्समधून बाहेर, क्लाउडशी संबंध नसलेल्या जागी हलवा. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये डेटाची जागा बदलण्याची सोय असेल तर ती तिथूनच बदला, हाताने फाइल उचलून नेऊ नका. मूळ फाइल एकाच लॅपटॉपवर राहील असे दोघांनी मिळून ठरवा, आणि दुसऱ्याला रेसिपी हवी असेल तेव्हा ती एकेक करून एक्स्पोर्ट करून, म्हणजे वेगळ्या फाइलीत बाहेर काढून, द्या. क्लाउडवर बॅकअप जरूर ठेवा, पण तो बंद केलेल्या फाइलीची प्रत म्हणून, दिवसाच्या शेवटी.

जबरदस्तीने बंद करण्याविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण नोंदी गेल्या त्या हँग झाल्यामुळे नव्हे, बहुधा त्या क्षणी बंद केल्यामुळे. विंडोजमध्ये एखाद्या खिडकीने पाच सेकंद हाकेला ओ दिली नाही की विंडोज तिच्यावर ‘प्रतिसाद देत नाही’ अशी पाटी लावते. एवढाच त्या पाटीचा अर्थ आहे. प्रोग्रॅम मेला असे ती सांगत नाही. तो कदाचित फाइल लिहिण्यात गुंतलेला असेल. अशा वेळी त्याला मारले तर अर्धी लिहिलेली फाइल मागे राहू शकते, आणि पुढच्या वेळी उघडताना काही प्रोग्रॅम ती नाकारून आधीची राखीव प्रत उघडतात. तुमच्या बाबतीत नेमके हेच घडल्यासारखे दिसते. पुढच्या वेळी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तुमच्या प्रोग्रॅमच्या ओळीतले सीपीयू (हिशेब करणारा भाग) आणि डिस्क (फाइली लिहिण्याची जागा) हे दोन आकडे काही वेळ पाहा. डिस्कचा आकडा हलत असेल तर हात आवरा आणि थांबा. दोन्ही आकडे शून्यावर असतील तर तो कशाची तरी वाट पाहतो आहे, नेटची, फाइलीची किंवा तुमच्या उत्तराची. सीपीयूचा आकडा बराच वेळ एकाच उंचीवर अडकून बसला असेल तर तो एखाद्या हिशेबात गरगरत आहे, आणि तेव्हा बंद करण्यावाचून मार्ग नसतो.

‘तुमच्या उत्तराची’ असे मी म्हटले, ते तुमच्या ‘टिंग’ आवाजाला उद्देशून. घरात तुम्ही लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडता आणि गॅरेजमध्ये नुसता नेता. प्रोग्रॅमने एखादा प्रश्न विचारणारी छोटी चौकट, जसे ‘बदल सेव्ह करायचे का’, उघडली आणि ती जिथे शेवटची दिसली होती त्या जागी, म्हणजे आता नसलेल्या मॉनिटरवर, उघडली, तर तुम्हाला ती दिसणार नाही. तिचे उत्तर मिळेपर्यंत मुख्य खिडकी कुठलाही क्लिक स्वीकारणार नाही आणि विंडोज आवाज करून तेवढेच सुचवत राहील. एस्केप दाबून पाहा. त्याने सुटका झाली नाही तर ऑल्ट आणि टॅब दाबून ती चौकट निवडा आणि विंडोज, शिफ्ट व बाणाचे बटण दाबून तिला समोरच्या पडद्यावर आणा. इथून पुढे मॉनिटरची वायर काढण्यापूर्वी प्रोग्रॅम बंद करण्याची सवय ठेवलीत तर हा त्रास बहुधा उरणार नाही. तिन्ही तक्रारींत ही सर्वांत क्षुल्लक आहे, पण घाबरून प्रोग्रॅम बंद करायला लावणारीही हीच आहे.

आता कोकमाची रेसिपी. ही एकच रेसिपी घरातही अडकते, नेट चांगले असतानाही अडकते, त्यामुळे तिचे कारण क्लाउडमध्ये शोधण्यात अर्थ नाही. तिच्यात असे काय आहे जे बाकीच्या रेसिपींत नाही? कोकम आणि गूळ हे दोन पदार्थ प्रोग्रॅमच्या तयार यादीत नसणार, ते तुम्ही स्वतः भरले असणार, आणि मला दाट शंका आहे की त्यांची नावे तुम्ही देवनागरीत लिहिली आहेत. होमब्रूच्या प्रोग्रॅममध्ये रेसिपींची देवाणघेवाण करण्यासाठी बिअरएक्सएमएल हा फाइलीचा प्रकार अनेक वर्षे रूढ आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या नमुन्यांत अक्षरांसाठी जी संकेतप्रणाली नोंदवलेली आहे ती पश्चिम युरोपातील भाषांसाठी केलेली आहे आणि तिच्यात देवनागरीला जागाच नाही. काही प्रोग्रॅम ही अडचण नीट हाताळतात, काही आपल्या अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे ठेवतात, आणि काहींची फाइल वाचता वाचता त्या जागी गाडी अडते. ‘आणि’साठी वापरले जाणारे इंग्रजीतील ‘अँड’चे चिन्हही (&) या फाइलींत असाच घोटाळा करते, कारण एक्सएमएलमध्ये, म्हणजे या फाइली ज्या पद्धतीने लिहितात तिच्यात, त्याला वेगळा अर्थ आहे. पदार्थाचे नाव ‘कोकम अँड गूळ’ असे चिन्ह वापरून लिहिले असेल तर तेही तपासा.

दुसरी शक्यता आकड्यांची आहे. स्वतः भरलेल्या पदार्थात एखादी चौकट कोरी किंवा शून्य राहिली, किंवा त्या रेसिपीच्या भांड्याच्या आकारमानात शून्य आले, तर कुठल्यातरी हिशेबात शून्याने भागण्याची वेळ येते आणि प्रोग्रॅम काळजीपूर्वक लिहिलेला नसेल तर तो तिथेच फिरत राहतो. टास्क मॅनेजरमध्ये ही रेसिपी उघडताना सीपीयूचा आकडा चढून स्थिर राहिला तर या शक्यतेकडे आधी पाहा. कोणतेही कारण निघाले तरी उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे त्या रेसिपीची नक्कल न करता ती कोऱ्या पानावर नव्याने लिहिणे. नक्कल केली तर दोषही नकलेत येतो. कोकम आणि गूळ हे पदार्थ आधी रोमन अक्षरांत नव्याने नोंदवा, प्रत्येक चौकटीत खरा आकडा भरा, मग रेसिपी रचा, आणि जुनी रेसिपी पेन ड्राइव्हवरच्या प्रतीत सुरक्षित आहे याची खात्री करूनच मूळ फाइलीतून काढा. आपल्या भाषेतले नाव आपल्याच रेसिपीत लिहिता येऊ नये याचे मला मनापासून वाईट वाटते, आणि म्हणूनच हा दोष सिद्ध झाला तर प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना तो कळवावा असे मी आग्रहाने सांगेन. कळवताना प्रोग्रॅमची आणि विंडोजची आवृत्ती, कोणत्या पायरीला अडकतो ते, आणि ती एकटी रेसिपी जोडून पाठवा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकावरच्या घडामोडींच्या नोंदवहीत) ‘ॲप्लिकेशन हँग’ या नावाने १००२ क्रमांकाची नोंद असते, ती जोडलीत तर त्यांचे काम आणखी सोपे होते.

ती रेसिपी काढूनही अडकणे थांबले नाही, तर दोष दुसऱ्या कुठल्यातरी रेसिपीत आहे असे समजा आणि अर्ध्याअर्ध्याने शोधा. कोऱ्या फाइलीत शंभर रेसिपी आणून पाहा. त्या ठीक असतील तर दोष उरलेल्या शंभरांत आहे, नसतील तर याच शंभरांत. मग पन्नास, मग पंचवीस, असे करत गेलात तर दोनशेंतून एक सदोष रेसिपी आठ फेऱ्यांत सापडते. एका संध्याकाळचे काम आहे आणि ते दिरांच्या सोबतीने करण्यासारखे आहे. ज्या वाचकांच्या दुकानाचा हिशेब, साबणाची प्रमाणे किंवा बेकरीच्या पाककृती अशाच एखाद्या प्रोग्रॅममध्ये अडकल्या आहेत त्यांनाही हीच रीत लागू पडते. मात्र महाराष्ट्रातील ज्या वाचकांना हे वाचून बिअर बनवण्याची इच्छा होईल त्यांनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्यावाचून मद्य बनवणे हा गुन्हा आहे, मग ते घरी आणि स्वतःपुरते असले तरीही. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरी बिअर बनवण्याची मोकळीक मिळाली. तेथे एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलनपर्यंत बिअर घरगुती वापरासाठी करमुक्त बनवता येते, विकता येत नाही.

या मोकळिकीनंतर अमेरिकेत हा छंद फोफावला तेव्हा बहुतेक लोकांच्या घरी संगणक नव्हते, आणि तुम्ही वापरता तसे हॉप्स, माल्ट आणि यीस्ट घेऊन ते कागद-पेन्सिलीवर हिशेब करीत होते. हे सांगतो ते तुम्हाला वहीकडे परत पाठवण्यासाठी नव्हे. माझा आक्षेप तुमच्या पत्रातल्या एका गृहीतकाला आहे, की प्रोग्रॅम चालू नसेल तर बिअर बनवता येत नाही. प्रोग्रॅमचे खरे काम आदल्या आठवड्यात, रेसिपी रचताना असते. चूल पेटल्यावर तुम्हाला हवे असतात ते पंधरा-वीस आकडे, आणि ते एका कागदावर मावतात. आदल्या रात्री ती रेसिपी छापून घ्या. पाणी किती आणि किती तापमानाचे, माल्टची वजने, हॉप्सच्या वेळा, अपेक्षित ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत द्रवाची घनता, जिच्यावरून त्यात साखर किती ते कळते), आणि प्रत्येकासमोर प्रत्यक्षात मोजलेला आकडा लिहायला मोकळी जागा. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीला लावा. नोंदी दुसऱ्या दिवशी टेबलावर बसून प्रोग्रॅममध्ये भरा. वाफ, चिकट वर्ट (माल्टचा गोड रस, जो आंबून बिअर होतो) आणि लॅपटॉप यांची तशीही एका जागी गरज नाही.

प्रोग्रॅम काय हिशेब करतो हे हाताने एकदा करून पाहिलेत तर त्याच्यावरचे तुमचे अवलंबून राहणे आणि त्याची भीती दोन्ही कमी होईल. तुमची कोकमाची बिअर २० लिटर, म्हणजे सव्वापाच गॅलन, धरू. पेल माल्ट आणि गहू मिळून ४.२ किलो. अशा धान्याच्या एका किलोतून एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ३०० अंश ग्रॅव्हिटी (अंश म्हणजे इथे १.०००च्या वरचे हजारांश) मिळते. तुमची कार्यक्षमता, म्हणजे धान्यातल्या साखरेपैकी प्रत्यक्षात हाती येणारा वाटा, ७२ टक्के असेल तर ४.२ गुणिले ३०० गुणिले ०.७२ म्हणजे सुमारे ९०७. गुळातली साखर पाण्यात पूर्ण विरघळते म्हणून तिथे कार्यक्षमतेची काटछाट नाही. गुळाचे किलोमागे साधारण ३५० धरले तर ३०० ग्रॅमचे १०५ होतात. बेरीज १०१२, भागिले २० लिटर, म्हणजे सुमारे ५१, आणि मूळ ग्रॅव्हिटी १.०५१. बिअर आंबून १.०११ ला थांबली तर फरकाला १३१.२५ ने गुणा, ५.२५ टक्के अल्कोहोल येते. मॅशचे, म्हणजे दळलेले धान्य गरम पाण्यात भिजत ठेवण्याचे, पाणीही असेच काढता येते. किलोमागे तीन लिटर पाणी, १८ अंश सेल्सिअसचे धान्य आणि ६७ अंशांचा मॅश हवा असेल तर ४९ अंशांच्या फरकाला ०.४१ भागिले ३ ने गुणून त्यात ६७ मिळवा. पाणी सुमारे ७३.७ अंशांचे घ्यावे लागेल. वर्ट मात्र थंड झाल्यावरच हायड्रोमीटरने मोजा, उकळत्या वर्टचा आकडा खोटा असतो.

कडवटपणाच्या हिशेबात एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे, कारण तिचा संबंध प्रोग्रॅम बदलण्याशी आहे. तुमच्याच राज्यातील कॉर्व्हॅलिस इथल्या संशोधनातून १९७२ साली आलेले कॅस्केड हॉप २५ ग्रॅम, पाकिटावर सहा टक्के आल्फा आम्ल (कडवटपणा देणारा घटक), साठ मिनिटे उकळले असे धरा. ग्लेन टिन्सेथ यांच्या सूत्राने १.०५०च्या वर्टमध्ये त्या आम्लाचा सुमारे २३ टक्के उपयोग होतो आणि कडवटपणा १७ आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक) येतो. जॅकी रेगर यांच्या सूत्राने तोच उपयोग सुमारे ३१ टक्के धरला जातो आणि उत्तर २३ आयबीयू येते. हॉप तेच, भांडे तेच, बिअर तीच. म्हणून नव्या प्रोग्रॅममध्ये तुमच्या सगळ्या रेसिपी अचानक कडू किंवा मिळमिळीत दिसू लागल्या, तर रेसिपीला हात लावण्याआधी दोन्हीकडे कोणते सूत्र निवडलेले आहे ते पाहा.

आता पर्यायांविषयी माझे मत. नवा लॅपटॉप या कारणासाठी घेऊ नका. बाकीचे सगळे प्रोग्रॅम त्यावर नीट चालतात असे तुम्हीच लिहिले आहे. वेब-प्रोग्रॅमचे मात्र काही खरे फायदे आहेत: तो प्रत्येक रेसिपी वेगळी साठवतो, म्हणून तुम्ही आणि दीर एकाच वेळी काम करू शकाल, आणि ही तुमची खरी गरज आहे. पण ज्या गॅरेजमध्ये वाय-फाय अडखळते तिथे तो नेटविना किती चालतो, हे पैसे भरण्यापूर्वी पाहायला हवे. वर्गणी थांबवली तर रेसिपी परत मिळतात का, म्हणजे सगळ्या एकत्र बिअरएक्सएमएलमध्ये एक्स्पोर्ट करता येतात का, हेही विचारा. जिथे रेसिपी आत जातात पण बाहेर येत नाहीत अशा ठिकाणी पाच वर्षांची ठेव ठेवू नये.

स्पर्धेआधी प्रोग्रॅम बदलू नका. आंबणे साधारण दोन आठवडे आणि बाटलीत वायू धरायला आणखी दोन, असा चार आठवड्यांचा हिशेब धरला तरी दोन महिन्यांत एक पूर्ण आठवडा दुरुस्तीला मिळतो, आणि बिअर छापलेल्या कागदावरून होईल. अर्जात फळाचे नाव लिहावे लागते, तेव्हा कोकम म्हणजे काय हे परीक्षकांना दोन ओळींत समजावून लिहा. त्यांतल्या अनेकांनी ते चाखलेले नसेल. स्पर्धा झाल्यावर मोफत चाचणीच्या काळात नव्या प्रोग्रॅममध्ये फक्त ही नव्याने लिहिलेली कोकमाची रेसिपी आणा आणि मूळ ग्रॅव्हिटी, अंतिम ग्रॅव्हिटी, आयबीयू, पाण्याचे तापमान आणि उकळीपूर्वीचे आकारमान हे पाच आकडे कागदाशी ताडून पाहा. ग्रॅव्हिटी जुळली नाही तर बहुधा कार्यक्षमता किंवा भांड्याची माहिती सोबत आलेली नसते, आणि ती हाताने भरावी लागते. पाचही जुळले आणि दिरांच्या लॅपटॉपवरही तेच दिसले, तर उरलेल्या रेसिपी न्या. जुनी फाइल पेन ड्राइव्हवर तशीच राहू द्या.